शेवंताची माय

वच्छलाबाई कुणालाही नावानं हाक मारत नसे. बारकंसं ढेकूळ उचलायची आणि माणसाच्या पुढ्यात, अंगाला लागणार नाही असं नेमकं टाकायची. माणूस वळून बघे, मग ती बोले. तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, तलमडुगूजवळच्या त्या गावात मी मराठी शाळेवर रुजू झाले, त्याच आठवड्यात माझ्या पायाशी असं एक ढेकूळ पडलं. वळून पाहिलं तर पदर खोचलेली एक उंच, सावळी बाई मेथीची जुडी पुढं करून उभी.

"नव्या बाई ना तुमी? घ्या. किडकी नाई."

मला राग आला होता. शेजारणीनं नंतर सांगितलं, तिची एकुलती एक पोरगी शेवंता जन्मापासून मुकी-बहिरी आहे. मळ्यात काम करताना तिला हाक ऐकू जात नाही, म्हणून आई पुढ्यात ढेकूळ टाकते. टाकता टाकता सगळ्या जगालाच तशी बोलवायला लागली.

गावाबाहेर विहिरीवर तिचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. नवरा किसन खाली मान घालून काम करणारा. दिवसभरात त्याच्या तोंडून दहा शब्द निघत नसत. बोलणं चालायचं ते मायलेकींचं, आणि तेही हातांनी. मोट चालली की अमुक खूण, साप दिसला की तमुक. बाप म्हणजे मिशीला पीळ. मी म्हणजे हवेत ओढलेली छडी. मी कधी छडी वापरत नव्हते, पण मास्तरीण म्हटल्यावर शेवंताला तीच सुचली होती. मी रस्त्यानं जाताना ती बांधावरून छडी ओढून दाखवायची आणि तोंडावर हात ठेवून हसायची.

शेवंताला शाळेत घ्या म्हणून वच्छलाबाई माझ्याकडे दोनदा आली. एका खोलीत चार वर्ग, साठ मुलं, मी एकटी. मी म्हटलं, "वच्छलाबाई, तिला ऐकू येत नाही. मी फळ्यावर काय शिकवू?"

"ऐकू येत नाई, दिसते त," ती म्हणाली. "डोये चांगले हायेत तिचे. मुंगी दिसते तिले दुरून."

मी वरून विचारून सांगते म्हटलं आणि विचारलं नाही.

पुढं एकदा तपासणीला साहेब आले. तेलुगू माणूस, मराठी अक्षरही कळत नसे. शाळेतून बाहेर पडताना त्यांच्या चकचकीत बुटांपुढं ढेकूळ पडलं. साहेब दचकले. वच्छलाबाई हात जोडून उभी होती. म्हणाली, "साहेब, मुक्या लेकराले शाळेत घेत नाई काय तुमचं सरकार?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. काय म्हणते ही, असं तेलुगूत विचारलं.

मी सांगितलं, ताजी भाजी हवी का विचारते आहे.

साहेब हसले, नको म्हणाले आणि जीपमध्ये बसले. साहेब हसले म्हणजे होकार दिला असं समजून वच्छलाबाई कितीतरी दिवस माझ्याकडे आशेनं बघायची. हे मी कुणालाही कधी सांगितलं नव्हतं.

माघात वसंत पंचमीला आमच्या गावची माणसं बासरला जायची. बासर आमच्याच जिल्ह्यातलं, पण दुसऱ्या टोकाला. आदिलाबाद, निर्मल, भैंसा अशा गाड्या बदलत जावं लागे. गोदावरीकाठी सरस्वतीचं जुनं देऊळ. लेकराला शाळेत घालण्याआधी तिथं नेऊन त्याच्या हातानं पहिलं अक्षर गिरवायचं, ही आमच्याकडची रीत. मुलांची बाई म्हणून मलाही सोबत नेत. पहिल्या वर्षी मी गेले तेव्हा वच्छलाबाई शेवंताला घेऊन आली होती. पोरगी सहा वर्षांची. नवा हिरवा परकर.

कुणीतरी हलकेच म्हणालं, "हिले कशाले अक्षर?"

वच्छलाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. देवळात पाटीवर तांदूळ पसरलेले होते. तिनं शेवंताचं बोट धरून त्यात गिरवलं. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पुजाऱ्यानं दाखवलं तसं आडवं-उभं ओढलं. मग देवीच्या अंगावरच्या हळदीतली चिमूटभर हळद, जी तिथं प्रसाद म्हणून देतात, ती शेवंताच्या जिभेवर ठेवली. त्या हळदीनं वाचा फुटते अशी लोकांची श्रद्धा. वच्छलाबाई लेकीच्या तोंडाकडे बघत बसली. शेवंतानं तोंड वाकडं केलं आणि हळद थुंकली.

घाटावर जेवताना मी सगळ्यांना तिथली कथा सांगितली. महाभारतातलं युद्ध संपलं, एवढी माणसं मेली, आणि व्यासांचं मन कशातच लागेना. हिंडत हिंडत ते गोदावरीकाठच्या या रानात आले. रोज नदीत स्नान करायचे आणि येताना तीन मुठी वाळू आणून तीन जागी टाकायचे. त्या वाळूच्या तीन देवी झाल्या. त्यातली ही सरस्वती. व्यासांचं गाव म्हणून वासर, त्याचं बासर.

वच्छलाबाई ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे एवढं सारं सांगून झालं, अन् मंग तो चूप बसाले अठी आला."

"हो, तसंच."

"अन् चूप बसल्यावर देवी झाली." तिनं लेकीच्या पानावर भात वाढला. "मंग माह्या पोरीचं काय वाईट हाये?"

बासरला एक मोठा दगड आहे, वेदवतीची शिळा. त्यात सीतेचे दागिने आहेत म्हणतात, आणि वेगवेगळ्या जागी ठोकलं की वेगवेगळा आवाज येतो. परतीच्या आधी सगळी मुलं तिथं जमली, बारक्या गोट्यांनी दगड ठोकायला लागली. शेवंता लांब उभी होती. काय चाललंय तिला कळेना. मग ती पुढं गेली आणि तिनं दगडावर गाल टेकला. मुलं पलीकडून ठोकत होती. शेवंताचे डोळे मोठे झाले. ती आईकडे बघून हसली, आणि हसताना तिच्या गळ्यातून आवाज निघाला. आम्ही कुणी तो आवाज आधी ऐकला नव्हता. वच्छलाबाई तिथंच मातीत बसली. त्या दिवशी शेवंताला दगडापासून ओढून आणावं लागलं, आमची गाडी चुकली.

त्यानंतर दर वर्षी त्या मायलेकी बासरला जात. देवीसाठी कमी, दगडासाठी जास्त.

शेवंता नऊ वर्षांची होती त्या वर्षी किसनही आला होता, आणि मीही सोबत होते. गर्दी फार होती. सकाळी घाटावर स्नानं चालली होती. वच्छलाबाईनं लेकीला आंघोळ घातली, परकर नेसवला, पायरीवर उभं केलं. मग स्वतः बुडी मारून वर आली आणि लुगडं पिळायला लागली. मी चार पायऱ्या वर कपडे सांभाळत बसले होते. वच्छलाबाईनं मान वर केली, आणि पायरीवर शेवंता नव्हती.

"लुगडं पियाले दोन हात लागते, बाई," ती मला पुढं कितीदा तरी म्हणाली. "तेवढाच येळ सोडला म्या तिचा हात."

पहिल्यांदा आम्ही दगडाकडे धावलो. तिथं ती नव्हती. मग देवळाची रांग, दुकानं, बसथांबा. किसन पाण्यात उतरून छातीभर गोदावरीत हातांनी चाचपत राहिला. नावाड्यांनी गळ टाकून पाहिलं. काही लागलं नाही. पोलिसांचा तंबू होता, पण किसन बाहेरच घुटमळला. इंद्रवेल्लीला पोलिसांनी आदिवासींवर गोळीबार केला त्याला तेव्हा काही वर्षंच झाली होती, आमच्याकडची माणसं खाकी कपडा दिसला की रस्ता बदलत. वच्छलाबाई ओल्या लुगड्यानं सरळ आत गेली. तिथला जमादार भला माणूस होता. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि लगेच भोंग्यावर सांगायला लावलं. आधी तेलुगूत, पापा तप्पिपोयिंदि, म्हणजे पोरगी हरवली आहे, मग हिंदीत, मग माझ्याकडून मराठीत. मी भोंग्यात ओरडत होते, "शेवंता, शेवंता किसन, जिथं असशील तिथून पोलिसांच्या तंबूकडे ये."

वच्छलाबाईनं माझ्या दंडाला हात लावला. "बाई, तिले ऐकू येत नाई."

मला ते ठाऊक होतं. तरी मी थांबले नाही. दिवसभर तो भोंगा तीन भाषांत तिला हाका मारत राहिला.

दुपारी एका फुलवालीनं सांगितलं की हिरव्या परकराची एक पोरगी आगगाडीच्या ठेसनाकडे जाताना पाहिली. कुणाच्या मागं की एकटी, ते तिला सांगता येईना. ठेसनावर गेलो तोवर दोन गाड्या निघून गेल्या होत्या, एक नांदेडकडे, एक निजामाबादकडे. आम्ही चार दिवस तिथं राहिलो. नदीनं काही परत दिलं नाही. वच्छलाबाईनं फुलवालीचं बोलणं पदराला बांधलं. पोरगी गाडीत बसली, इतकंच ती धरून बसली.

गावात आल्यावर बायका भेटायला यायच्या. एक म्हातारी चांगल्या मनानंच म्हणाली, "सुटली बिचारी. मुक्या पोरीचं पुढं काय झालं असतं?"

वच्छलाबाई वांगी तोडत होती, तोडतच राहिली. म्हणाली, "तुमची कालवड हरवली होती तवा आठ दिवस रान पालथं घातलं होतं तुमी. तवा नाई म्हनलं, सुटली म्हनून."

पंधरा दिवसांनी ती भरदुपारी शाळेत आली आणि मुलांच्या मागं दाराशी बसली. सुट्टी झाल्यावर म्हणाली, "मले लिवाले शिकवा."

मी पाटी काढली, अ काढला.

"अ नोको. शे काडा."

ज्या मुलीला मी शिकवलं नाही, तिच्या आईला मी तिचं नाव लिहायला शिकवलं. महिनाभर ती रोज यायची. काम करून राठ झालेली बोटं, पेन्सिली मोडायच्या. शेवंता आलं, मग माय वच्छला, मग गावाचं नाव. आधी एवढंच हवं होतं तिला, पुढं बाकीची अक्षरंही शिकली. मग पोस्टकार्डं सुरू झाली. मुदखेड, नांदेड, निजामाबाद, त्या रुळावरच्या एकेका ठेसनाच्या मास्तरला ती स्वतःच्या अक्षरात कार्ड लिही. मुकी मुलगी, हिरवा परकर, कपाळावर जखमेचा वण. पत्ता तेवढा मी घालायची. दोनतीन उत्तरं आली. नाही, असं सगळ्यांनी लिहिलं होतं.

दोन वर्षं गेली. घरात दुखणी वाढली, किसनच्या आईनं जोशाला विचारलं. जोशी म्हणाला, पोरीला गती मिळालेली नाही, पिठाचा पुतळा करून अग्नी द्या. वच्छलाबाईला कुणी विचारलं नाही. ती आदिलाबादच्या बाजारातून भाजी विकून परतली तेव्हा अंगणात परातीत ज्वारीच्या पिठाची हातभर बाहुली निजवलेली होती, वर हिरव्या कापडाचा तुकडा. बाजूला लाकडं रचलेली. किसन खाली मान घालून बसला होता. आम्ही शेजारपाजारचे उभे होतो.

वच्छलाबाईनं टोपली उतरवली. हातपाय धुतले. परातीपुढं बसून कापडाचा तुकडा उचलून बाजूला घडी करून ठेवला. मग ती बाहुली मोडली, पाणी शिंपडून पीठ मळलं आणि चुलीशी जाऊन भाकरी थापली.

"जिती हाये ती," ती भाकर उलटताना म्हणाली. "जित्या लेकराच्या नावानं पीठ जाळत नसते."

गरम भाकर तिनं किसनच्या पुढ्यात ठेवली. त्यानं हात लावला नाही. पुढल्या महिन्यात तो आदिलाबादला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेला. सणावारी यायचा, मग तेही थांबलं. तिनं त्याला कधी दोष दिला नाही. "त्याच्यानं वाट पाहनं होत नाई," म्हणायची, "काही मानसाइच्यानं होत नाई."

बासरला ती जातच राहिली, आता एकटी. आणि तिथं जाऊन तिला काय करायचंय हे मला कळलं ते तिचा हात पाहून. डाव्या हाताला मनगटाच्या वर फोड आले होते. नीट पाहिलं तर ती अक्षरं होती. परीट कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचं तेल वापरतात, ते धुऊन जात नाही. त्या तेलानं तिनं स्वतःच्या हातावर नाव लिहून पाहिलं होतं. कातडी जळाली होती.

"हे काय केलंस?"

"पाहून राह्यली होती, लेकराच्या हातावर लिवता येईन काय. नाई येत, लय पोयते." तिनं हात पदरात घेतला. "दुसरी काही शाई हाये काय बाई तुमच्यापाशी, घामानं न जानारी?"

शाळेच्या शिक्क्याची जांभळी शाई मी तिला एका बाटलीत दिली. त्या वर्षीपासून वसंत पंचमीला ती पहाटे घाटावर जाऊन बसे आणि येईल त्या लहान मुलाचा हात धरून त्यावर नाव आणि गाव लिही. कुणी कौतुकानं लिहून घेई. कुणी हिसडा देई, वेडी समजे. तिला फक्त मराठी अक्षरं येत, आणि येणारी माणसं निम्मी तेलुगू. एकदा मी सोबत असताना एका तेलुगू बापानं तिच्यावर आवाज चढवला, हे कोण वाचणार इथं म्हणाला. ती हात सोडेना. त्याच्या पोरीच्या दंडावर तिनं ऐकलं तसं नाव-गाव लिहून टाकलं. दुपारी तीच पोर ठेसनावर रडताना सापडली. धर्माबादच्या एका हमालानं अक्षरं वाचली, लांबच्या गावची पोर म्हणजे यात्रेतलीच हे ओळखून तिला देवळापर्यंत आणून सोडलं. बाप वच्छलाबाईच्या पायाशी वाकला तेव्हा ती लांब सरकली. संध्याकाळी गाडीत बसल्यावर रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

"आपून एक अक्षर लिवलं असतं, बाई," ती म्हणाली. "तिच्या हातावर. तवा."



शेवंता हरवली त्याला सात वर्षं झाली तेव्हा वच्छलाबाईच्या नावानं एक पत्र आलं. गोदावरीपलीकडच्या एका शहरातल्या निराधार मुलींच्या आश्रमातून. तिचं जुनं कार्ड हिंडत हिंडत कुणाच्या तरी हाती पडलं होतं. आश्रमात एक मुकी-बहिरी मुलगी आहे, सोळा-सतरा वर्षांची, लहानपणी रेल्वेत सापडलेली, येऊन पाहावं. पत्र तिनं स्वतः वाचलं, एकेक अक्षर लावून. मग माझ्याकडे आणलं. "बराबर वाचलं ना म्या?"

आम्ही दोघी गेलो. वाटभर तिनं पिशवी मांडीवर धरली होती. पिशवीत मोगऱ्याचं तेल, फणी आणि नवं पोलकं होतं. पोलकं किती मापाचं घ्यावं यावर ती आदिलाबादच्या दुकानात तासभर उभी राहिली होती.

आश्रमाच्या व्यवस्थापिका बाई मुलीला घेऊन आल्या. सावळी, उंच, मोठ्या डोळ्यांची मुलगी. मला ती शेवंताच वाटली. मुलगी आमच्याकडे पाहत राहिली. वच्छलाबाईनं तिला जवळ घेतलं, कपाळावरचे केस मागं सारले. वण नव्हता. ती बराच वेळ तिथंच बोट फिरवत राहिली.

"हीच का?" व्यवस्थापिकांनी विचारलं. "तुमची असेल तर इथं सही करा, घेऊन जा. आम्हालाही बरं. हिला कोणी नाही."

मुलगी काहीतरी ओळखून वच्छलाबाईच्या दंडाला बिलगली होती. हनुवटीनं होकार देत होती, जोरजोरात. मी वच्छलाबाईच्या कानाशी लागून म्हटलं, "घेऊन चल. कोण विचारणार आहे? तिलाही आई मिळेल."

वच्छलाबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात ते आधीच येऊन गेलं होतं, हे मला दिसलं.

"नाई," ती म्हणाली. "माही नाई ही."

"अगं पण..."

"हिची माय बी हिंडून राह्यली असन कुठं तरी. म्या हिले घेऊन गेली, त तिनं हिले कुठं पाहावं?"

व्यवस्थापिकांनी वही मिटली. वच्छलाबाईनं विचारलं, "तासभर बसू द्यान काय?" मग ती ओसरीवर बसली, मुलीला पुढ्यात घेतलं, केस सोडले. गुंता फार होता. तिनं एकेक बट धरून विंचरली, तेल लावलं, दोन वेण्या घातल्या. पोलकं घालून पाहिलं. अंगाला बरोबर बसलं. मुलगी हातांनी काही सांगत होती, वच्छलाबाई हातांनी उत्तर देत होती. दोघींच्या खुणा वेगळ्या होत्या, तरी कसं कोण जाणे, भागत होतं.

निघताना मुलगी फाटकापर्यंत आली. सळ्यांच्या आतून तिनं वच्छलाबाईकडे बोट केलं आणि रिकामे तळवे उलटून दाखवले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"नाव इचारते माहं."

वच्छलाबाईनं नाकातल्या खड्यावर बोट ठेवलं, दोनदा. मुलीनं आपल्या मोकळ्या नाकावर बोट ठेवून तसंच केलं.

"शेवंता मले अशी हाक मारे," ती मला म्हणाली आणि चालायला लागली.

त्याच उन्हाळ्यात, ती गावात परतलेली दिसण्याआधीच, माझी बदली झाली. पुन्हा त्या गावाकडे जाणं झालं नाही. मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. बसथांबा समोरच होता, गाडी लागलेली. वच्छलाबाई अर्धा रस्ता ओलांडून थांबली होती. फाटकाशी ती मुलगी अजून नाकावर बोट ठेवत होती, पुन्हा पुन्हा, आणि वच्छलाबाई प्रत्येक वेळी मान हलवून ओ देत होती. कंडक्टरनं घंटी वाजवली. मी चढले, जागा धरली, तिला हाका मारल्या. तिनं वळून पाहिलं नाही. शेवटी गाडी तिच्याशिवायच सुटली.